काळीज आणि काळजी

मराठीत ‘काळजी’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘मला तुमची काळजी वाटते’ असे म्हणताना त्यात भीती असते. ‘मी तुमची काळजी घेतो’ असे म्हणताना त्यात सेवा असते. क्रियापद बदलते, शब्द तोच राहतो. शब्द एकच असल्यामुळे भीती कोठे संपते आणि सेवा कोठे सुरू होते, हे बोलणाऱ्यालाही पुष्कळदा उमगत नाही. काळीज आणि काळजी हे शब्द तर कानाला एकमेकांचे सोयरेच वाटतात. ज्या घरात कुणाच्या काळजाला दुखणे जडते, त्या घरात या दोन अर्थांची गल्लत सर्वांत अधिक होते. त्या गल्लतीतून उभ्या राहणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला गृहस्थ रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा घराची सारी घडी बदलून जाते. माडीवरची त्याची खाट खाली येते. बाजाराची पिशवी त्याच्या हातून काढून घेतली जाते. वाडीवर जाणे बंद होते, सायकल पडवीत टेकवली जाते, चर्चला जायचे तर रिक्षा बोलावली जाते. तो पाण्याचा तांब्या घ्यायला उठला, तरी घरातून दोन हाका एकदम येतात : ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणतो.’ भेटीला येणारा प्रत्येक पाहुणा निघताना एकच उपदेश करतो : ‘आता फक्त आराम करायचा.’ यातला एकही शब्द प्रेमावाचून उच्चारलेला नसतो. तरीही सहा महिन्यांनी तोच माणूस पाहावा, तर तो झटक्याने जितका खचला नव्हता तितका या आरामाने खचलेला दिसतो. त्याचे पाय बारीक झालेले असतात आणि चार पावलांत धाप लागते. धाप लागली की भीती वाटते आणि भीती वाटली की तो पुन्हा खुर्चीत बसतो.

मग प्रश्न असा : प्रेमापोटी एखाद्याचे श्रम काढून घेणे हे नेहमी त्याच्या हिताचेच असते काय? आणि ज्या कृतीत थोडा धोका आहे ती करू देण्याचा वा न देण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचे काळीज दुखावले आहे त्याचा, की ज्यांना त्याची काळजी वाटते त्यांचा?

या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचा एक मोठा आणि उद्बोधक इतिहास आहे. चालताना छातीत दाटून येणाऱ्या आणि थांबताच ओसरणाऱ्या वेदनेचे नेमके वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने प्रथम केले. ते 1772 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नोंदींत एका रुग्णाचा ओझरता उल्लेख आहे. त्या रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. हेबर्डनने याचे स्पष्टीकरण दिले नाही, केवळ नोंद केली. ती नोंद दीर्घकाळ तशीच पडून राहिली. पुढे 1912 मध्ये अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणाऱ्या झटक्याचे वर्णन केले आणि त्यावर पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला. त्यामागचा तर्क सरळ होता. मोडलेले हाड आपण बांधून ठेवतो, तसेच दुखावलेल्या हृदयालाही स्वस्थ ठेवावे. हृदयस्नायूच्या जखमेवर पक्का व्रण धरायला सुमारे सहा आठवडे लागतात, तेव्हा सहा आठवडे बिछाना, असा हिशेब रूढ झाला. परंतु हाड बांधून ठेवता येते, हृदयाला बांधून ठेवता येत नाही. ते झोपेतही चालतच असते. बांधला गेला तो माणूस.

ती विश्रांती कशी होती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. रुग्णाने स्वतःच्या बळावर कूस बदलायची नाही. पहिले काही दिवस त्याने स्वतःच्या हाताने जेवायचेही नाही. मलमूत्रविसर्जन बिछान्यातच. अशा रीतीने आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या माणसांच्या पायांतील शिरांत रक्त गोठत असे. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली की मृत्यू ओढवत असे, आणि त्या मृत्यूचे खापर हृदयविकाराच्या माथी फुटत असे. बॉस्टन येथील डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांना ही गोष्ट बोचू लागली. पडून राहण्याचे हृदयरोग्यांवर होणारे दुष्परिणाम त्यांनी 1944 मध्येच मांडले होते. पुढे आपले तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांच्यासह त्यांनी एक साधा प्रयोग केला. झटका आलेल्या 81 रुग्णांना त्यांनी पहिल्या काही दिवसांतच बिछान्यातून उचलून रोज थोडा वेळ आरामखुर्चीत बसविले. प्रयोग एवढाच होता, तरी त्याला रुग्णालयातून विरोध झाला. हे अघोरी आहे, रुग्ण दगावतील, अशी भीती सहकाऱ्यांना वाटत होती. रुग्णांच्या बाबतीत ही भीती खरी ठरली नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर जगण्याची आशा उमटली. 1952 मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला आणि बिछान्याची मिठी हळूहळू सैल होऊ लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांनी विरोध केला ते निष्ठुर नव्हते. त्यांना रुग्णांची काळजी वाटत होती. दयाबुद्धीनेच त्यांनी माणसांना जखडले होते. निष्ठुरता ओळखणे सोपे असते. तिच्याविरुद्ध आपण बोलू शकतो. दयेच्या वेषात आलेला अन्याय ओळखणे कठीण असते, कारण ज्याच्यावर तो होतो त्यालाही कृतज्ञ राहावे लागते.

विश्रांती शरीराचे काय करते, याचा रोखठोक हिशेब 1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे मांडला गेला. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ पडून राहावयास सांगितले. त्यानंतर मोजणी केली, तेव्हा श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटलेली आढळली. तीस वर्षांनी, हे पाचही जण पन्नाशीला पोहोचल्यावर, त्यांना पुन्हा बोलावून तपासले. निष्कर्ष थक्क करणारा होता. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी शक्ती नेली नव्हती, त्याहून अधिक विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने नेली होती! वाचकहो, हे धडधाकट तरुण होते. मग साठीच्या आणि आधीच दुखावलेल्या माणसाला आपण सहा महिने खुर्चीत बसवितो, तेव्हा त्याच्या आयुष्यातील किती वर्षे आपण नकळत खर्ची घालतो?

श्रम हृदयाचे वैरी नाहीत, हे दुसऱ्या बाजूनेही दिसून येत होते. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरवर्गाचा अभ्यास केला आणि 1953 मध्ये तो प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दिवसभर जिना चढ-उतार करून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. मुंबईच्या दुमजली बेस्ट बसमध्ये वाहकाला त्या अरुंद जिन्यावर ये-जा करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा अभ्यास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर 1955 मध्ये झटका आला. त्यांना सल्ला देणारे डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी क्रमाक्रमाने कामावर परतण्याचा आग्रह धरला, आणि पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. हृदयरोग्याचे कर्ते आयुष्य संपलेले नसते, हे सामान्य लोकांना या एका उदाहरणाने पटले.

या साऱ्या अनुभवातून ‘हृदय पुनर्वसन’ नावाची उपचारपद्धती उभी राहिली. पुनर्वसन हा शब्द आपण धरणग्रस्तांसाठी वापरतो. ज्याचे गाव पाण्याखाली गेले त्याला पुन्हा वसविणे, असा त्याचा अर्थ. हृदयरोग्याचेही एक गाव बुडालेले असते. त्याचे काम, त्याची वाट, घरातील त्याचे स्थान पाण्याखाली गेलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने 1960 च्या दशकात या पुनर्वसनाची व्याख्या केली, तीत एक मर्म आहे. रुग्णाला शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या अशी स्थिती मिळवून द्यावी, की त्याने स्वतःच्या प्रयत्नाने समाजात आपली जागा पुन्हा घ्यावी, असा तिचा आशय आहे. ‘स्वतःच्या प्रयत्नाने’ हे दोन शब्द आम्हांला फार मोलाचे वाटतात. ही जागा त्याला कुणी उचलून नेऊन द्यायची नाही. ती त्याने चालत जाऊन घ्यायची आहे.

ही पद्धती चालते कशी? रुग्ण रुग्णालयात असतानाच तिचा आरंभ होतो. प्रथम खाटेच्या कडेला बसणे, मग खोलीत दोन पावले, मग व्हरांड्यात फेरी, घरी जाण्याआधी जिन्याच्या काही पायऱ्या. त्यानंतर साधारण दोन-तीन महिने आठवड्यातून दोन-तीन वेळा तज्ज्ञांच्या नजरेखाली व्यायाम. त्यात चालणे, स्थिर सायकल, हलकी वजने असतात. याच काळात आहार, औषधे, तंबाखू सोडणे आणि मनातील धास्ती यांविषयी बोलणे होते. शेवटी हा नेम आयुष्यभर घरी चालू ठेवावयाचा. प्रत्येक पायरीवर माप असते. आधी तपासणी करून नाडीची मर्यादा ठरविली जाते. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी 6 ते 20 अशी मोजपट्टी तयार केली, तीही वापरतात. रुग्णाने ‘किंचित जड’ या पायरीच्या आसपास राहावे, असे सामान्यतः सांगतात. याहून सोपी खूण म्हणजे, चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता आले तर श्रम थोडे, बोलता आले नाही तर श्रम फार.

अशा नेमाने हृदयाची अडलेली रक्तवाहिनी मोकळी होते, असे कोणी समजू नये. बदल होतो तो अधिक करून इतरत्र. सरावाने पायांचे स्नायू तेवढ्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेऊ लागतात. त्यामुळे तीच वाट चालताना हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. पूर्वी ज्या पायरीवर छाती दाटत असे, ती पायरी आता वेदनेवाचून ओलांडता येते. थोडक्यात, व्यायाम हृदयावर ओझे टाकत नाही, तर हृदयाचे ओझे उरलेल्या देहात वाटून देतो.

आता आक्षेपांकडे वळू. ‘वाटेत काही झाले तर?’ हा घरोघरचा प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काही अवस्थांत विश्रांतीच योग्य असते. बसल्या जागीही छातीत दुखत असेल, नाडीची लय बिघडलेली असेल, हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल, अंगात ताप असेल, तर डॉक्टर व्यायाम थांबवितात. बायपासनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत वजन उचलणे वर्ज्य असते, पण चालणे वर्ज्य नसते. योग्य तपासणीनंतर देखरेखीखाली केलेल्या व्यायामात हृदय बंद पडण्याचा प्रसंग एक लाखाहून अधिक रुग्ण-तासांमागे एखादाच आल्याची नोंद आहे. धोका शून्य नाही. परंतु खुर्चीत बसण्याचा धोकाही शून्य नाही. रस्त्यात आलेला मृत्यू सर्वांना दिसतो आणि ‘कशाला जाऊ दिले?’ असे लोक विचारतात. खुर्चीत हळूहळू आलेला मृत्यू कुणाला दिसत नाही, आणि ‘कशाला बसवून ठेवले?’ असे कोणी विचारीत नाही. आपण पुष्कळदा रुग्णाला धोक्यापासून वाचवीत नसतो. आपण स्वतःला त्या पहिल्या प्रश्नापासून वाचवीत असतो. काळजी ‘वाटणे’ आणि काळजी ‘घेणे’ यांतील भेद येथे उघड होतो. पहिलीच्या केंद्रस्थानी आपली भीती असते, दुसरीच्या केंद्रस्थानी समोरचा माणूस.

दुसरा आक्षेप परिणामांविषयीचा. 2021 मध्ये अशा 85 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत 23,430 रुग्ण होते. व्यायामाधारित पुनर्वसन घेतलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पुन्हा झटका येण्याचे आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले. मात्र सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. भारतात 24 रुग्णालयांतून 3,959 रुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली. आसने, प्राणायाम, ध्यान आणि संवाद अशी तीन महिन्यांत 13 सत्रे. यंत्रांची गरज नाही. 2020 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटके व मृत्यू यांत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही, परंतु योग शिकलेल्या रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि आजारापूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले.

काहींना हे यश अपुरे वाटेल. आम्हांला मात्र येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. बरे होणे म्हणजे काय? केवळ आणखी काही वर्षे श्वास घेणे, की आपल्या दिनक्रमात, आपल्या माणसांत परतणे? आपण आयुष्याची लांबी मोजतो, कारण ती मोजता येते. परंतु ज्याला स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन मासळी निवडता येते, नातवाला शाळेत सोडता येते, त्याचे आयुष्य त्या लांबीत मावत नाही. वाढलेल्या वर्षांत ज्याला कुणाच्याही उपयोगी पडता येत नाही, त्याला ती वर्षे आपण दिली, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

पण या विचाराची दुसरी बाजूही पाहावी लागेल. आराम सर्वांच्याच वाट्याला येतो, असे नाही. घरातील कर्त्या पुरुषाला झटका आला तर त्याला खुर्ची मिळते. आईला झटका आला तर पंधरा दिवसांत तिला चूल मिळते. ‘तिचा व्यायाम होतोच की घरात’ असे आपण म्हणतो. पाण्याच्या बादल्या उचलणे, धुणे आपटणे, पहाटेपासून रात्रीपर्यंत तिष्ठणे हा व्यायाम नव्हे. त्यात माप नाही, विसावा नाही आणि ‘दम लागला का?’ असे विचारणाराही कोणी नाही. पुनर्वसनासाठी स्त्रियांना पाठविले जाते ते पुरुषांपेक्षा कमी, आणि पाठविल्या तरी त्या येतात कमी, असे अनेक देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा आढळले आहे. रोजंदारीवरच्या मजुराचीही तीच गत. म्हणजे एकाला आपण अति जपून दुबळे करतो आणि दुसरीला मुळीच न जपता झिजवतो. दोन्हींत चूक एकच, ती म्हणजे माप घेण्याइतके लक्ष आपण दिलेले नसते.

हे लक्ष समाजालाही द्यावे लागेल. 2017 मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि वाहिनी उघडण्याचा उपचार पुष्कळांच्या आवाक्यात आला. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु उघडलेल्या वाहिनीनिशी घरी आलेल्या माणसाने पुढे जगायचे कसे, हे शिकविणारी केंद्रे दुर्मीळ आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत 203 देशांपैकी 111 देशांतच हृदय पुनर्वसनाची सोय आढळली होती. स्टेंटला किंमत असते, म्हणून त्याचा हिशेब होतो. रुग्णाबरोबर अर्धा तास चालणाऱ्या माणसाला किंमत लावता येत नाही, म्हणून तो कोणत्याच हिशेबात येत नाही. ही उणीव शासनाने व रुग्णालयांनी भरून काढावी, हे खरेच. पण तिचा काही भाग शेजारीपाजारीही भरून काढू शकतील. सकाळी आळीतले चारजण मिळून चालायला निघाले आणि एकाच्या पायाशी बाकीच्यांनी पाय जुळवला, तर त्याला पैसा लागत नाही.

एक सावधगिरी सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. व्यायामाची महती पटली की माणसे लगेच न्यायाधीश होतात. ‘तो चालत नव्हता, म्हणून गेला’ असे मर्तिकाच्या घरीसुद्धा बोलले जाते. हृदयविकाराला अनुवंश, वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू अशी अनेक कारणे असतात, आणि नेमाने चालणाराही जातो. कालपर्यंत ‘बसा’ म्हणून रुग्णाला जखडले आणि आजपासून ‘चाला’ म्हणून त्याला दटावले, तर साखळीचा फक्त रंग बदलला. श्रम करण्याचा हक्क त्याला परत द्यायचा आहे, श्रमाची शिक्षा नव्हे. कोणत्या दिवशी किती चालायचे, हे डॉक्टरांच्या मापात राहून शेवटी त्यानेच ठरवायचे आहे.

म्हणून रुग्णालयातून माणसाला घरी नेण्याच्या दिवशी, ‘काय काय टाळायचे?’ हा प्रश्न आपण विचारतोच, त्याला आणखी दोन प्रश्न जोडावेत. पहिला डॉक्टरांना : यांनी काय करायचे, किती आणि कधीपासून? दुसरा त्या माणसाला, आणि तो विचारायला आपण सहसा विसरतो : तुम्हांला पुन्हा काय करायचे आहे? कुणी म्हणेल, वाडीवर जायचे आहे. कुणी म्हणेल, पायी चर्चला जायचे आहे. कुणी आई म्हणेल, काही करायचे नाही, थोडे बसायचे आहे. तर तिला बसू द्यावे आणि चूल आपण पेटवावी. उत्तर काहीही येवो, ते त्याचे वा तिचे असेल. त्या उत्तरापासून पहिले पाऊल मोजावे, आणि ते पडेल तेव्हा आपण शेजारी असावे.